शिसवाच्या कुळातले चिनी फर्निचर

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगररांगांत वसलेला जिवती तालुका आणि चीनमधील मिंग राजवटीच्या (१३६८ ते १६४४) काळातील खुर्च्या-मेजे यांचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु लाकडाच्या अंगाने पाहिले तर तो बराच जवळचा आहे. चिनी फर्निचरच्या जाणकारांनी सर्वांत वरच्या मानाची मानलेली दोन लाकडे म्हणजे हुआंगहुआली आणि झितान. मुख्यतः हैनान बेटावर मिळणारे, पिवळसर-तांबूस आणि मंद सुवासाचे हुआंगहुआली हे डाल्बर्जिया या वृक्षकुळातले असून विदर्भाच्या जंगलातला शिसम, म्हणजेच शिसव, त्याच कुळातला आहे. जड, जांभळट-काळे झितान म्हणजे आंध्रच्या शेषाचलम डोंगरांतले रक्तचंदन, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि राजुरा-जिवतीकडच्या रानात सागाच्या जोडीने वाढणारा बिजा हा त्या रक्तचंदनाचा सख्खा भाऊबंद आहे. मिंग दरबाराने सागरी व्यापारावरील बंदी १५६७ मध्ये सैल केल्यावर दक्षिणेकडील देशांतून कठीण लाकूड मोठ्या प्रमाणात चीनमध्ये येऊ लागले, आणि आज अभिजात समजली जाणारी चिनी घडण प्रामुख्याने त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत बहरली. आजही चीनच्या ‘होंगमू’ या राष्ट्रीय मानकात, म्हणजे मौल्यवान लाकडांच्या अधिकृत यादीत, भारतीय शिसवाला स्थान आहे.

या घडणीचे खरे वैशिष्ट्य नक्षीत नसून सांध्यात आहे. एका लाकडाचे टोक पटाशीने तासून त्याची जीभ काढायची, जिला मराठी सुतार कुसू म्हणतात, आणि ती दुसऱ्या लाकडात कोरलेल्या खाचेत घट्ट बसवायची, ही पद्धत आपल्याकडच्या चौकटींतही आहे; चिनी कारागिरांनी मात्र ती अशा टोकाला नेली की तिरक्या कापाच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी येणारे दांडे लोखंडी खिळ्याविना एकमेकांत अडकतात आणि बाहेरून केवळ एक बारीक रेघ दिसते. दुसरी युक्ती अधिक उपयोगाची आहे. मेजाच्या पृष्ठभागाची किंवा कपाटाच्या दाराची मोठी फळी चौकटीला चिकटवलेली नसते. चौकटीच्या आतल्या कडेला खोदलेल्या खोबणीत ती मोकळी सरकवलेली असते आणि मागून आडव्या पट्टीने तोललेली असते, त्यामुळे पावसाळ्यात लाकूड फुगले किंवा उन्हाळ्यात आकसले तरी फळी आपल्या जागी हलते, तडकत नाही. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो आणि जुलैत भिंतींना ओल धरते, अशा चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात घरसामान निवडताना पाहण्याची पहिली गोष्ट हीच असावी, ड्रॅगनची नक्षी नव्हे.

आपल्याप्रमाणे चिनी माणूसही पूर्वी चटईवरच बसत असे. उंच खुर्ची तेथे तांग आणि सोंग राजवटींच्या काळात हळूहळू रुजली आणि बाराव्या शतकापर्यंत घरोघरी स्थिरावली. तरीही उत्तर चीनमध्ये कांग, म्हणजे विटांचा, खालून ऊब दिलेला बैठकीचा ओटा, टिकून राहिला आणि त्यावर ठेवण्यासाठी बुटकी मेजे, छोटी कपाटे असे वेगळे सामान घडत गेले. पाट, चौरंग आणि बैठक यांवर वाढलेल्या मराठी घरात बेताल न वाटणारी चिनी वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर ही कांगवरची बुटकी मेजेच ठरतील. गादी-तक्क्यांच्या बैठकीसमोर असे एक मेज पुरते. त्याच खोलीत घोड्याच्या नालेच्या आकाराची पाठ असलेल्या खुर्च्यांची जोडी, कोरीव पडदा आणि कागदी कंदील यांची गर्दी केली की घराचे हॉटेल होते. कठीण लाकडाखेरीज चीनमध्ये सामान्य घरांतले बरेचसे सामान बांबूचे असे, आणि श्रीमंतांसाठी कठीण लाकडात बांबूची पेरे हुबेहूब कोरून काढण्याचीही हौस होती. बांबूचा जिल्हा म्हणवणाऱ्या चंद्रपुरात, जिथे चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, या धाटणीचे साधे सामान बनवून घेणे हा आयात वस्तूपेक्षा शहाणपणाचा मार्ग वाटतो.

अस्सल वस्तू डोळ्यांखालून घालायच्या, तर जिवतीकराला फार लांब जावे लागत नाही. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होता, आणि त्या राज्याची राजधानी असलेल्या हैदराबाद शहरातल्या सालारजंग संग्रहालयात, जे १९५१ मध्ये खुले झाले, तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांनी जमवलेली चिनी मातीची भांडी, लाखकाम आणि लाकूडसामान पाहायला मिळते. फिकट हिरव्या झिलईच्या ज्या चिनी थाळ्यांना सेलाडॉन म्हणतात, त्यांत विष वाढले तर थाळी तडकते अशी दख्खनच्या दरबारांत समजूत होती. ती खरी नसली तरी त्या थाळ्या एवढ्या जपल्या का गेल्या, हे त्यावरून कळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी आणि जपानी कलावस्तूंचा मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आला. कँटन बंदराशी व्यापार करणाऱ्या पारशी घराण्यांच्या दिवाणखान्यांतही अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या होत्या. गोव्यात चांदरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात मकावमार्गे आलेली चिनी भांडी स्थानिक शिसवी सामानाशेजारी मांडलेली आहेत, आणि ती जोडणी पाहण्यासारखी आहे.

खरेदीच्या वेळी संशय बाळगणे बरे. १९११ पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास चीनने २००७ पासून बंदी घातली असल्याने, बाजारात ‘दोनशे वर्षांची चिनी खुर्ची’ म्हणून दाखवले जाणारे सामान बहुधा पूर्वीच बाहेर गेलेले असते किंवा, अधिक वेळा, नवेच असते. जुन्या खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर शतकभर पाय ठेवले गेल्याने तो मधोमध झिजलेला असतो, कडेला नाही; बैठकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला हाताच्या रंध्याच्या लहरी बोटांना लागतात; आणि सर्वत्र सारखाच काळा रंग असेल, तर तो वयाचा नसून डब्यातला असतो. भारतात १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे सामान्यतः शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते; तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. शिवाय २०१७ पासून डाल्बर्जिया कुळातील लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या वन्यजीवविषयक कराराचे नियंत्रण आहे, म्हणून परदेशातून असे सामान मागवताना कागदपत्रे मागावीतच.

निगेच्या बाबतीत, चिनी आणि आपली लाख एकच, हा गैरसमज मोडायला हवा. आपली लाख पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या कीटकांपासून मिळते, तर चिनी लाखकामात एका झाडाचा चीक वापरतात, जो कोरड्या नव्हे तर दमट हवेत वाळून कडक होतो. साहजिकच असे लाखकाम वैशाखातल्या कोरड्या उन्हात किंवा कूलरच्या थेट झोतात ठेवले तर भेगाळते. कठीण लाकडाला तशी भीती कमी; त्याला पॉलिशचे जाड थर न चढवता कोरड्या फडक्याने पुसणे आणि क्वचित मेण लावणे पुरेसे होते. पाय जमिनीला थेट न टेकवता त्यांखाली दगडाच्या चकत्या ठेवल्या तर ओल वर चढत नाही आणि उधईचा माग लगेच दिसतो. सांधा ढिला झाला तर गावातला जाणता सुतार तो उलगडून, कुसूला पातळ पाचर देऊन पुन्हा बसवू शकतो, कारण ही घडण मुळात उलगडण्याजोगीच असते; खिळा मात्र मारू देऊ नये, कारण त्याने कुसू फाटते, सांधा पुन्हा मोकळा करता येत नाही आणि जुन्या वस्तूची किंमत तिथेच उतरते.