धान्यदेवी रुसली आणि देवराजा नमला



ग्रीस देशाच्या जुन्या पुराणकथांत तलवारीचे वीर पुष्कळ आहेत. हेराक्लीसने सिंह मारला, थीसियसने बैलाच्या तोंडाचा राक्षस मारला. परंतु तुम्हा-आम्हाला जवळची वाटेल अशी कथा आहे ती डिमीटर या धान्यदेवीची. सुमारे २६०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक स्तोत्रात ती सविस्तर आली आहे.

डिमीटरला पर्सेफनी नावाची लाडकी लेक होती. देवांचा राजा झ्यूस हा तिचा बाप. पाताळाचा राजा हेडीस याने तिला मागणी घातली आणि झ्यूसने परस्पर होकार दिला. लेकीला विचारले नाही, आईला कळवले नाही. पर्सेफनी कुरणात फुले वेचीत होती. तेथे जमीन दुभंगली आणि हेडीसने तिला रथात घालून नेले. आईने हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून शोध केला. सूर्यदेवाने खरा प्रकार सांगितला, तेव्हा तिने देवलोक सोडला. म्हातारीच्या वेषात ती अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या एल्यूसिस गावी विहिरीपाशी येऊन बसली. पाणी भरायला आलेल्या राजाच्या मुलींनी तिला घरी नेले आणि तान्ह्या भावाची दाई म्हणून ठेवले.

पुढे तिची ओळख पटल्यावर तेथे तिचे देऊळ बांधले गेले. त्या देवळात ती बसून राहिली आणि तिने बी उगवूच दिले नाही. बैलांनी नांगर ओढले ते फुकट गेले, पेरलेले जव मातीतच राहिले. माणसांवर उपासमार आली आणि देवांचा नैवेद्यही बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोठे झ्यूसचे डोळे उघडले. त्याने एकामागून एक सगळे देव समजूत घालायला पाठवले. तिचे म्हणणे एकच होते, “लेक डोळ्यांनी पाहीन, मगच बी उगवेल.” अखेर देवराजाला पाताळात दूत धाडावा लागला.

निघताना हेडीसने मुलीला डाळिंबाचा दाणा चारला. पाताळातले अन्न पोटात गेल्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा तिला तेथे काढावा लागतो आणि दोन हिस्से ती आईजवळ असते. वसंतात ती परतली की रान फुलते.

ग्रीसमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून गहू व जव तेथे शरदात पेरतात आणि मे-जूनमध्ये कापतात. इ. स. पूर्व ७०० च्या सुमाराचा कवी हेसिअड स्वतः शेती करीत असे. कृत्तिका मावळू लागल्या की नांगर धरावा आणि उगवू लागल्या की विळा, असा त्याचा हिशेब होता. नांगराच्या मुठीला हात घालताना डिमीटरची प्रार्थना करावी, असेही तो सांगतो.

याच देवीने एल्यूसिसच्या ट्रिप्टोलेमस या तरुणाला गव्हाचे बी दिले. नागांच्या रथातून देशोदेशी फिरून त्याने लोकांना पेरणी शिकवली. जुन्या भांड्यांवरील चित्रांत त्याच्या हातात कणसे दिसतात. आम्हा विस्तार अधिकाऱ्यांचा हाच मूळपुरुष म्हणायला हरकत नाही!

इ. स. चौथ्या शतकाच्या अखेरीस देवीची पूजा बंद पडली. पुढे लोक ख्रिस्ती झाले, तरी एल्यूसिसच्या शेतकऱ्यांनी एक भंगलेली दगडी मूर्ती जपली. ती हलवली तर पीक बुडेल, या समजुतीने तिच्याभोवती ते शेणखताचा ढीग घालीत. १८०१ साली एडवर्ड क्लार्क या इंग्रज प्रवाशाने गावकऱ्यांचा विरोध असताना ती नेली. आज ती केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. ती देवीची मूर्ती नसून तिच्या देवळाच्या दरवाजातील स्त्रीरूपी खांबाचा भाग आहे, असे पुढे विद्वानांनी ठरवले.

ही कथा घरी लेकीसुनांना अवश्य वाचून दाखवा. बी अडले तर राजवाडा अडतो आणि देऊळही अडते, एवढे बळ पिकवणाऱ्याच्या हातात आहे. आणि लेकीला न विचारता तिचे लग्न ठरवणाऱ्या बापाला, तो देवांचा राजा असला तरी, शेवटी खाली मान घालावी लागली, हेही मुलांना सांगायला विसरू नका.