लांडग्याचं लायसन्स मिळेल का?

मेसमध्ये जतचा मित्र भडकला होता. "घरनं फोन आलाय. लांडग्यानं दोन कोकरं नेली. अमेरिकेत म्हणे टॅग घेऊन लांडगा मारता येतो. आपल्याकडं का नाही?" कॉन्व्हेंटमध्ये मी लांडगा फक्त रेड रायडिंग हूडच्या गोष्टीत भेटलेला! म्हणून जरा शोधलं.

टॅग म्हणजे एक लांडगा मारायचा परवाना. 2009 मध्ये आयडाहो राज्यात स्थानिकांना तो बारा डॉलरच्या आत मिळायचा. मर्यादा 220 लांडग्यांची, पण टॅग खपले हजारोंनी! म्हणजे बहुतेकांनी नुसत्या हौसेचे पैसे मोजले.

आपल्याकडेही इंग्रजांच्या काळात लांडगा मारला की सरकार बक्षीस द्यायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यातसुद्धा काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीत ते गेले. आज लांडगा अनुसूची एकमध्ये, वाघाच्या पंगतीला. मारला तर किमान 3 वर्षं कैद आणि 25,000 रुपये दंड. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं होण्यापलीकडे गेलं असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. कोकरू नेलं, हे कारण त्यात बसत नाही.

शिवाय देशात लांडगे उरलेत साधारण तीन हजार. टॅग विकायचे तरी कशाचे?

मित्राला म्हटलं, शासन नुकसानभरपाई देतं. वनखात्याला लगेच कळवायचं, पंचनामा होईस्तोवर मेलेलं जनावर हलवायचं नाही.

तो म्हणाला, "अरे, कोकरू तोंडात धरून गेला तो. पंचनामा कशाचा करू?"