देव हद्दपार, भविष्यवेत्ती सरकारी पगारावर

साम्यवादी राजवटींनी धर्म दडपला, त्यामुळे पोकळी निर्माण झाली आणि १९८९नंतर ती बुवाबाजीनं भरली, असं सरसकट सांगितलं जातं. बल्गेरियाचा इतिहास याला छेद देतो. पेत्रिचची अंध भविष्यवेत्ती वांगा १९६७पासून चक्क सरकारी पगारावर होती. भेटीची फी सरकारजमा होई. निरीश्वरवादी राज्यानं तिच्यावर ‘संशोधन’ही करवलं. देव नको, पण अतींद्रिय शक्तीला विज्ञानाचा शिक्का! सोव्हिएत संघातही १९८९मध्ये, राजवट अजून उभी असताना, काश्पिरोव्स्की नावाचा मानसोपचारतज्ज्ञ सरकारी टीव्हीवरून रोग्यांवर उपचार करत होता आणि चुमाक या दुसऱ्या टीव्ही-उपचारकानं पाणी ‘भारित’ करावं म्हणून लोक पडद्यासमोर बरण्या मांडत होते. पोकळीत भाडेकरू आधीच बसवला होता, तोही घरमालकानंच.

धर्म परतल्यावर हा भाडेकरू निघून गेला का? नाही. वांगानं १९९४मध्ये रुपिते इथं चर्च उभारलं. ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी आक्षेप घेतले, लोक मात्र जातच राहिले. ज्योतिषी पाश्चात्त्य देशांतही खपतातच, असं कोणी म्हणेल. खरं आहे, अंधश्रद्धा ही साम्यवादाची मक्तेदारी नव्हे. पण साम्यवादी देशांत कोणती श्रद्धा ग्राह्य, हे ठरवण्याचा चर्चचा अधिकार राज्यानं दशकानुदशकं मोडून काढला होता. एकेकाळी साम्यवादी असलेल्या चेक प्रजासत्ताकात प्यू या संशोधन संस्थेच्या २०१७च्या अहवालानुसार ७२ टक्के लोक कोणताच धर्म सांगत नाहीत, तरी ताईत आणि भविष्यावर विश्वास ठेवणारे तिथं कमी नाहीत. देवळं बंद केल्यानं विवेकवाद रुजतो, हा समज या देशांनी खोटा ठरवला आहे.