बालकांचे सपाट पाऊल आणि क्ष-किरण मापनाची विश्वसनीयता

बालकाच्या पावलाची आतील कमान जमिनीला टेकलेली दिसली की पालक व शिक्षक चिंतेत पडतात. पुढे सैन्यभरतीत अडचण येईल, ही त्यामागील एक मोठी भीती असते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून आहे. त्यामुळे क्ष-किरण छायाचित्र काढून खात्री करून घ्यावी, असा विचार सहजच पुढे येतो. तथापि छायाचित्रावर मोजलेला कोन कितपत भरवशाचा, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

मूल उभे असताना, शरीराचा भार पावलावर असतानाच हे छायाचित्र बाजूने घ्यावे लागते. निजवून घेतलेल्या छायाचित्रात कमान असल्याचा भास होतो. ते या कामी निरुपयोगीच. त्यावर प्रामुख्याने दोन कोन मोजतात. पहिला, टाचेच्या हाडाचा जमिनीशी होणारा; निरोगी पावलात तो साधारणतः २० ते ३० अंश असतो. दुसरा, घोट्याखालील हाड व अंगठ्यामागील लांब हाड यांच्या अक्षांमधील. निरोगी पावलात हे अक्ष जवळजवळ एका रेषेत येतात.

अडचण येते ती वयाची. लहान मुलांच्या पावलांतील हाडांचा बराच भाग कूर्चेचा असतो व कूर्चा छायाचित्रात दिसत नाही. कमानीच्या माथ्यावरील नौकाकृती हाड तर दोन ते चार वर्षांच्या दरम्यान दिसू लागते. अर्धवट दिसणाऱ्या हाडाचा अक्ष कोठून आखावा, याविषयी दोन तज्ज्ञांत काही अंशांचा फरक पडतो. टाचेच्या हाडाची खालची कड स्पष्ट असल्याने तो कोन त्या मानाने स्थिर राहतो. परंतु निरोगी व सदोष यांतील सीमारेषाच मुळी थोड्या अंशांची असल्याने एवढ्या फरकानेही मूल एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ शकते.

शिवाय पाऊल लवचिक आहे की ताठर, हे कोन सांगत नाही. त्यासाठी मुलास चवड्यांवर उभे करावे. कमान उमटली तर पाऊल लवचिक होय. सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही वेदनारहित, लवचिक सपाट पाऊल अपात्र ठरत नाही, ही बाब पालकांना आवर्जून सांगावयास हवी. कमान वयाच्या आठ-दहा वर्षांपर्यंत घडत असते. मणिपाल येथील राव व जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला. पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के पावले सपाट आढळली. अमेरिकेतील १९८९ च्या एका अभ्यासात तर तीन वर्षे विशेष बूट वापरूनही लवचिक पावलांत त्या बुटांमुळे सुधारणा झाल्याचे दिसले नाही. असे महागडे बूट घेण्यापूर्वी पालकांनी याचा विचार करावा.

वेदना, ताठरपणा, एकाच पावलाची विकृती अथवा वाढत जाणारा दोष असल्यास मात्र छायाचित्र आवश्यकच ठरते. दोन हाडे जन्मतः जुळलेली असणे अशा प्रकारे उघडकीस येऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा शिक्षकांनी अशी मुले त्यांच्या निदर्शनास आणावीत आणि मूल कधीपासून व कोणत्या पायाने लंगडते, याची नोंद सोबत द्यावी.