शिक्षेनंतरचे तीस दिवस

न्यायाधीशानें शिक्षा सांगितली म्हणजे सर्व संपलें, अशी समजूत खेड्यापाड्यांत अद्याप आढळते. ती खरी नाहीं. शिक्षेविरुद्ध अपील करण्याचा हक्क कायद्यानेंच दिला आहे. मात्र त्यास मुदतीचें बंधन आहे.

चाकणच्या कारखान्यांलगतचें कुरुळी हें खेड तालुक्यांतील गांव घ्या. तेथील एखाद्या कामगारास प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यानें सहा महिन्यांची कैद दिली, तर त्याचें अपील सत्र न्यायालयाकडे जातें व तें ३० दिवसांत दाखल करावें लागतें. कैदेची शिक्षा सत्र न्यायालयानें दिली असेल, तर अपील मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे ६० दिवसांत करावयाचें. निकालाची नक्कल मिळविण्यांत गेलेला काळ या मुदतींतून वगळतात. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफही होतो. पण त्यावर विसंबणें शहाणपणाचें नव्हे.

अपिलाचा अर्ज लेखी असावा व सोबत निकालाची नक्कल जोडावी. तुरुंगांत असलेल्यानें तो तुरुंगाधिकाऱ्याच्या हातीं द्यावा. पुढें पाठविणें हें त्या अधिकाऱ्याचें काम. अपील दाखल झालें म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाहीं. शिक्षास्थगितीसाठीं व जामिनासाठीं वेगळा अर्ज लागतो. कटकट मिटावी म्हणून ज्यानें गुन्हा कबूल केला, त्यास बहुधा शिक्षेच्या प्रमाणाबद्दल वा वैधतेबद्दलच दाद मागतां येते. कबुलीपूर्वीं हा विचार अवश्य व्हावा.

नक्कल हा अपिलाचा पाया होय, हें हॉस्कॉट खटल्यानें दाखविलें. त्यांत उच्च न्यायालयानें १९७३ सालीं तीन वर्षांची कैद दिली. निकालाची नक्कल कारागृहाकडे गेली. पण ती मिळाल्याची कैद्याची सही कोठेंच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज आला तो चार वर्षांनीं. तीन वर्षांची शिक्षा आणि चार वर्षांचा विलंब! १९७८ सालीं त्या न्यायालयानें अर्ज फेटाळला. तथापि नक्कल विनामूल्य व त्वरित द्यावी, पोंच म्हणून कैद्याची सही घ्यावी, आणि असमर्थ कैद्यास अपिलासाठीं मोफत वकील मिळावा, असें बजावलें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही कैदेची शिक्षा झालेल्यास विनामूल्य नक्कल देण्याचें बंधन आहे.

१९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें कैदी, स्त्रिया व औद्योगिक कामगार यांस मोफत विधिसाहाय्य मागतां येतें. तेव्हां निकालाच्या दिवशींच नक्कल मागावी, तारीख लिहून ठेवावी आणि तालुका विधि सेवा समितीची वाट धरावी. हक्क कायद्याचा असला, तरी दिवस मोजणें हें ज्याचें त्यालाच करावें लागतें.