सातवी तार घेण्याआधी

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. मुलगा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नेटची तयारी चालू आहे आणि मेटल ऐकण्याचं जबरदस्त वेड आहे. "ताई, आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय, स्वस्तातली. कोणती चांगली?" बजेट पंचवीस हजार. दोन वर्षं शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले.

मी त्याला ब्रँड सांगितला नाही. विचारलं, "तुला सगळ्यात खालचा सूर कोणता हवाय?" दोन दिवस उत्तर आलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या इंटरव्ह्यूची तयारी करताय. तिथे "प्रश्न काय आहे तुमचा?" असं विचारल्यावर आपण जे सांगतो, ते बहुतेक वेळा "कोणती चांगली?" याच जातीचं असतं. त्याला उत्तर नसतं, कारण कशासाठी चांगली, हे आपण ठरवलेलंच नसतं. म्हणून आज गिटार विकत घेण्याबद्दलच लिहिते. भौतिकशास्त्र बारावीचंच आहे, घाबरू नका.

जास्तीच्या तारा म्हणजे नेमकं काय

नेहमीच्या गिटारला सहा तारा. सगळ्यात जाड तारेचा सूर ई, म्हणजे ८२.४ हर्ट्झ. सात तारांच्या गिटारला त्याखाली बी असतो, ६१.७ हर्ट्झ. आठ तारांच्या गिटारला त्याखाली एफ शार्प, ४६.२ हर्ट्झ. यांना एक्स्टेंडेड रेंज गिटार म्हणतात. कल्पना जुनी आहे. जॅझमध्ये जॉर्ज व्हॅन एप्स १९३०च्या दशकापासून सात तारा वाजवत होता. रॉकमध्ये १९९० साली स्टीव्ह वायसोबत आयबानेझची 'युनिव्हर्स' आली आणि तिथून हे वेड पसरलं.

आता मूळ मुद्दा. खालचा सूर हवा, तर तारेचं काय करायचं? हा नियम मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ साली मांडला होता. आपल्या भाषेत:

ताण = (दर लांबीमागचं वस्तुमान) × (२ × तारेची लांबी × वारंवारता)²

म्हणजे हाताशी तीनच गोष्टी आहेत: ताण, जाडी आणि लांबी. चौथी नाही. महागड्या गिटारलाही नाही.

गणित करून बघू. नेहमीच्या गिटारची स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, साधारण २५.५ इंच असते. तिच्यावर ०.०४६ इंचाची ई तार सुरात लावली की ताण सुमारे ८ किलो वजन टांगल्याइतका येतो. हाताला हा ताण बरा वाटतो.

तीच तार सैल करून बी वर आणली, तर वारंवारता ०.७५ पट होते आणि ताण त्याच्या वर्गानं घसरतो: साडेचार किलो. एफ शार्पपर्यंत नेली तर अडीच किलो. ती तार राहत नाही, दोरी होते. फ्रेटवर खडखडते, जोरात छेडली की सूर आधी वर उडतो आणि मग खाली येतो.

ताण पुन्हा ८ किलो हवा असेल तर तार जाड करा. वस्तुमान जाडीच्या वर्गात वाढतं असं धरलं, तर बी साठी ०.०६१ इंच लागते आणि एफ शार्पसाठी ०.०८२ इंच. बाजारातले सेट साधारण याच आसपास असतात, म्हणजे आपलं ढोबळ गणित बरोबर दिशेनं चाललंय. (कागदावरच्या आकड्याची बाजारातल्या आकड्याशी अशी गाठ घालून बघायची सवय लावून घ्या. गाईड याच्यावर खूश होतात.)

मग सरळ जाड तार लावावी ना? इथे दुसरी अडचण येते. आदर्श तार लवचीक असते, जाड तार थोडी सळईसारखी वागायला लागते. टोकापाशी ती नीट वाकत नाही, तिचे वरचे स्वरांश जिथे असायला हवेत त्यापेक्षा चढे पडतात आणि आवाज बोथट, किंचित बेसूर होतो. म्हणून तिसरा उपाय: लांबी वाढवा. स्केल २५.५ ऐवजी २७ इंच केली, तर त्याच तारेवर त्याच सुराला ताण १२ टक्के वाढतो. किंवा तेवढ्याच ताणासाठी एफ शार्पला ०.०८२ ऐवजी ०.०७७ इंच पुरते.

हे आपल्याकडच्या कारागिरांना केव्हाच माहीत होतं. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. तिथे पुरुषांच्या आवाजासाठीचा तंबोरा लांब करतात, बायकांच्या आवाजासाठीचा आखूड. आणि खर्जाची तार बाकीच्या पोलादी तारांपेक्षा जाड, पितळेची वगैरे लावतात. लांबी आणि वस्तुमान, तोच नियम.

लांबीची किंमतही मोजावी लागते. पहिल्या चार फ्रेटचं अंतर २५.५ इंचावर १३४ मिमी आहे, २७ वर १४२. आठ मिमी ऐकायला काही नाही, पण माझ्यासारखा लहान पंजा असेल तर अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं.

स्वस्तपणा कुठे लपतो

स्वस्त वस्तूत पैसा कुठेतरी वाचवलेलाच असतो. प्रश्न एवढाच की कुठे. मी दोन याद्या करते.

नंतर बदलता येतं: तारा, नट (तारा जिथून सुरू होतात ती खाचांची पट्टी), ट्यूनर, पिकअप.

नंतर बदलता येत नाही, किंवा बदलायला गिटारच्या किमतीएवढा खर्च येतो: स्केल लेंग्थ, फ्रेटच्या जागा, पिळलेली नेक, अडकलेला ट्रस रॉड.

आपण दुकानात नेमकं उलटं करतो. रंग बघतो, पिकअपचा आवाज ऐकतो, म्हणजे पहिल्या यादीवर निर्णय घेतो. संशोधनातही ग्राफचे रंग शेवटच्या रात्री बदलता येतात, चुकीचे घेतलेले नमुने नाही.

आणि यूट्यूबवरचे डेमो? ते बघा, पण फोनच्या स्पीकरवर ४६ हर्ट्झ ऐकून निर्णय घेऊ नका. एवढा छोटा स्पीकर तो मूळ सूर जवळजवळ देतच नाही. आपल्याला वरचे स्वरांश ऐकू येतात आणि खालचा सूर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे मोजताय, नेमकी तीच तुमच्या मापनयंत्रात दिसत नाहीये. लहान प्रॅक्टिस अँपचंही थोडंफार असंच असतं, तेव्हा बजेट करताना बरा हेडफोन विसरू नका.

माझी फजिती

हे सगळं मला आधीच माहीत होतं असं समजू नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक सेकंडहँड सात तारांची गिटार घेतली. घरी आणून लावली तर सातवी तार खडखडते, सूर धरत नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले, "स्वस्त घेतली की असंच होतं." विकायची जाहिरातही लिहून ठेवली.

लॅबमधला एक सीनियर म्हणाला, "स्वस्त हे कारण नाही, तो शिक्का आहे. नेमकं काय चुकतंय ते मोज." मग बारावीच्या प्रॅक्टिकलमधला तो स्क्रू गेज काढला. सातव्या तारेची जाडी भरली १.३२ मिमी, म्हणजे ०.०५२ इंच. वरच्या सूत्रात घाला: ताण ५.७ किलो. गिटार नाही, तार चुकीची होती!

०.०६२ ची तार आणली, तर ती नटच्या खाचेत बसेना. आधीच्या मालकानं बारीक तार का लावली असेल, ते तेव्हा कळलं. खाच कानशीनं रुंद करून घेतली, सॅडल थोडं मागे सरकवलं आणि तार सुरात आली. ती गिटार अजून माझ्याकडे आहे. खर्च आला एका तारेचा आणि एका संध्याकाळचा. "स्वस्त म्हणून वाईट" या एका वाक्यावर मी ती विकली असती, तर चुकीचा निष्कर्ष घेऊन आयुष्यभर फिरले असते.

तुमच्या प्रयोगातही हे होणार आहे. निकाल बिघडला की "आपलं उपकरणच जुनं आहे" म्हणणं सोपं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मोजा.

दुकानात जाण्याआधी वही

ट्रॉम्बे-मानखुर्दहून हार्बर लोकलनं सीएसएमटी गाठायचं आणि चालत धोबीतलावला जायचं. १८६५ पासूनचं फुर्टाडोज तिथलंच. सात-आठ तारांची गिटार प्रत्येक दुकानात टांगलेली नसते, म्हणून आधी फोन करा. पण त्याच्याही आधी वहीत निकष लिहा. हातात चकचकीत गिटार आली की निकष आपोआप ढिले होतात, हा अनुभव आहे. माझे निकष असे:

१. नट ते बारावा फ्रेट टेपनं मोजायचं आणि दुप्पट करायचं. २५.५ इंची स्केलला हे अंतर ३२४ मिमी येतं, २७ ला ३४३. जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबायचं नाही. फ्रेट तिरके असतील तर सगळ्यात जाड तारेच्या बाजूनं मोजायचं.

२. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधल्या फ्रेटपाशी फट बघायची. केसभर हवी. फट अजिबात नसेल किंवा खूप असेल, तर ट्रस रॉड फिरतो का ते दुकानदाराला दाखवायला सांगायचं.

३. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट. सात तारा गुणिले चोवीस फ्रेट, १६८ सूर. कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही. दोष मात्र इथेच सापडतो.

४. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून आलेला सूर आणि दाबून आलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर बघायचे. फरक ५ सेंटच्या आत (एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट). तीनदा मोजायचं. फरक जास्त असेल तर सॅडलला मागे सरकायला जागा उरलीय का, ते बघायचं.

५. सगळ्यात खालची तार जोरात छेडायची. ट्यूनरचा काटा वर उडून खाली आला तर ताण कमी आहे. मग तारेची जाडी विचारायची, गिटारला लगेच नापास करायचं नाही.

आणि एक आपल्याकडचं. इथे पावसाळ्यात हवा दमट आणि खाडीचा खारा वारा. तारा गंजतात, लाकूड फुगून नेक हलते. मे महिन्यात उत्तम लागलेली गिटार जुलैत खडखडली, तर घाबरू नका, ट्रस रॉड पुन्हा बघा. मोजलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी तारीख लिहा.

आधी स्वस्तातला प्रयोग

पैसे घालण्याआधी एक पायलट करता येतो. घरी सहा तारांची गिटार असेल, तर तिलाच जाड तारांचा सेट लावून सगळी गिटार बी पर्यंत उतरवा. खर्च फक्त तारांचा. नटच्या खाचा अपुऱ्या पडतील, सॅडल हलवावं लागेल, वरचा एक सूर जाईल. पण एवढ्या खाली वाजवायला आपल्याला खरंच आवडतं का, ते महिनाभरात कळेल.

मोठमोठ्या लोकांनाही हे करावं लागलंय. आठ तारांसाठी ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतात, त्या स्वीडनच्या मेशुगा बँडच्या आठ तारांच्या गिटारी २००२ च्या 'नथिंग' अल्बमच्या वेळी नीट तयारच नव्हत्या. त्यांनी सात तारांच्या गिटारी आणखी खाली उतरवून रेकॉर्डिंग केलं आणि २००६ मध्ये तो अल्बम आठ तारांवर पुन्हा वाजवून काढला. त्यांच्या काही गिटारींची स्केल २९.४ इंच आहे. एवढी लांबी उगाच नाही, हे आता तुम्हाला गणितानं सांगता येईल.

दोन दिवसांनी ज्युनिअरचं उत्तर आलं. त्याला वाजवायच्या असलेल्या बारा गाण्यांची यादी केली होती, प्रत्येकापुढे सगळ्यात खालचा सूर. नऊ गाणी बी वर थांबत होती. दोन ए वर. एफ शार्पपर्यंत जाणारं फक्त एक.

"म्हणजे आठवी तार एका गाण्यासाठी," त्यानं लिहिलं होतं. खाली अजून एक ओळ: "आधी सहा तारांचीच उतरवून बघतो. स्क्रू गेज देशील का?"

दिलाय. परत आणून द्यायचाय, हे इथे जाहीर लिहून ठेवते.