रिसोडच्या ट्रॅव्हल्सचा थांबा : वाघोली

रिठद असो, रिसोड असो की वाशीम, आपल्याकडचे पोट्टे ‘पुण्यात आहो’ म्हणून सांगतात. त्यांतल्या कितीतरी जणांचं पुणं म्हणजे वाघोली. संध्याकाळी निघालेली ट्रॅव्हल्स जालना, संभाजीनगर, अहिल्यानगर मागे टाकत पहाटे पुण्याच्या वेशीवर येते आणि वाघोलीतल्या केसनंद फाट्याला निम्मी गाडी रिकामी होते. एका बाजूला खराडीच्या आयटी कंपन्या, दुसऱ्या बाजूला सणसवाडी-रांजणगावचे कारखाने. दोन्हीकडे जायला बरं आणि खोलीभाडं खराडीपेक्षा कमी, म्हणून मुक्काम इथेच.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर नगर रस्त्याला लागूनच वाघेश्वराचं मंदिर आहे. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमांत गाजलेले सरदार पिलाजीराव जाधवराव याच वाघोलीचे. त्यांचं घराणं आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या जाधवांपैकीच मानलं जातं, हे इकडून गेलेल्या किती जणांना ठाऊक असेल! पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं तिथली लेकरं शिकायला पुण्यात आणली. त्या कामातून वाघोलीचं शैक्षणिक संकुल उभं राहिलं. नंतर मेळघाटातली आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलंही तिथे आली. परक्या मुलखातल्या लेकरांना या गावानं आसरा दिला, त्याचं मोल आपल्याला तरी कळायला हवं.

वाघोलीची खरी ओळख मात्र दगडाची. पुण्याच्या कितीतरी इमारतींना लागलेली खडी इथल्या खाणींतली आहे. घण मारणारे हात वडार समाजाचे आणि ठिकठिकाणाहून पोटासाठी आलेल्या मजुरांचे. ‘संतुलन’ संस्थेनं या मजुरांच्या मुलांसाठी थेट खाणींवर पाषाण शाळा काढल्या.

रस्त्याकडेला ताडपत्रीच्या सावलीत एक म्हातारे पाथरवट पाटा घडवत बसले होते. मी ‘मामा’ म्हणून हाक मारली, त्यांनी बसायला पोतं पुढे सरकवलं. त्यांनी आधी दगडावर हातोडी वाजवून दाखवली. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आत चीर आहे, टाकून द्यायचा. मग छन्नीनं कडा सरळ केल्या. वर पाणी शिंपडलं, कारण ओल्या दगडावर उंचवटा लगेच दिसतो. त्यानंतर टाकी. टिंबाशेजारी टिंब, तिरप्या ओळीत, एकाच जोरानं. जोर जास्त पडला तर कपची उडते, कमी पडला तर वाटण सरकतं. भुकटी त्यांच्या पापण्यांवर बसली होती. चष्मा नाही, तोंडाला फडकं तेवढं. पूर्वी बायका घरोघरी ‘टाकीऽऽ’ अशी हाळी देत फिरायच्या. गुळगुळीत झालेल्या पाट्याला पुन्हा टाकी लावून द्यायच्या. आता फ्लॅटात मिक्सर आहे. मामांचा लहान खलबत्ता खपतो, पाटा क्वचितच. मुलगा पाण्याच्या टँकरवर आहे, त्यात रोजचा पैसा दिसतो, म्हणाले.

टँकरला मरण नाही, हे वाघोलीत कुणीही सांगेल. ३० जून २०२१ ला महापालिकेत २३ गावं गेली, त्यांत हेही होतं. तोवर ग्रामपंचायतीच्या कारभारात इथे टॉवरवर टॉवर चढले होते. पाणी आणि ड्रेनेज मागून येईल म्हणून सांगितलं गेलं, ते अजून पुरतं आलेलं नाही. आव्हाळवाडी, बकोरी रस्त्यांवरच्या सोसायट्या महिन्याकाठी टँकरचा हिशेब वेगळा मांडतात. संध्याकाळी नगर रस्ता तुंबतो तो बघवत नाही. रिसोड तालुक्यातला एक इंजिनिअर मुलगा मला म्हणाला, ‘काका, गावाकडे पाणी नाही म्हणून आलो, इथं विकत घेतो.’ सोयाबीनच्या भावानं पोळलेल्या बापानं त्याला शिकवलं होतं.

आता रामवाडीपर्यंत आलेली मेट्रो वाघोलीच्या पुढे विठ्ठलवाडीपर्यंत नेण्याला केंद्रानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. ती लवकर व्हावी. पण तिच्यासाठी रस्ता मोकळा करताना कडेचे हे पाथरवट सगळ्यात आधी उठवले जातील, अशी भीती वाटते. पुण्याच्या भिंतींना ज्यांनी दगड पुरवला, त्यांना छपराखाली बसायला चार हक्काचे गाळे महापालिकेनं आत्ताच, आराखड्यातच धरून ठेवावेत.